जुन्या मालट्रकांनाही विंटेज नोंदणी मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली, तेव्हा जुन्या गाड्या जपणाऱ्या सर्वांनी तिचे मनापासून स्वागत केले होते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाडीला या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. आधीच नोंदणी झालेली असेल तर जुना क्रमांकही कायम ठेवता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, त्यासाठीचे जाणे-येणे, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला मुभा आहे. नियम नेमके आहेत आणि समंजसही आहेत. मात्र त्यांतील व्याख्या दुचाकींपाशी आणि ‘एम-१’ वर्गातील, म्हणजे चालकाखेरीज जास्तीत जास्त आठ आसनांच्या, खासगी वापराच्या मोटारींपाशी थांबते. मालवाहू वाहनांचा ‘एन’ वर्ग तिच्यात नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६५ साली तयार झालेली फियाट त्यामुळे विंटेज ठरू शकते, पण त्या कारखान्यात कच्चा माल आणून टाकणारा त्याच सालचा ट्रक ठरू शकत नाही. ही उणीव दूर व्हावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या वडिलांनी साठच्या दशकात घेतलेला टाटा-मर्सिडीज ट्रक कळव्याला आमच्याकडे आजही चालू स्थितीत आहे. भिवंडीच्या यंत्रमागांवरचे कापड, नाशिकचा कांदा, आणि पुढे खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहू लागली तेव्हा पारसिकच्या डोंगरातील खाणींची खडी, हे सारे त्याच्या हौद्यातून गेले आहे. टाटांची टेल्को कंपनी आणि मर्सिडीज बनवणारी जर्मनीची डाइमलर-बेंझ यांच्या करारानुसार १९५४ मध्ये जमशेदपूरला या ट्रकांचे उत्पादन सुरू झाले. १९६९ मध्ये करार संपला आणि समोरच्या जाळीवरच्या मर्सिडीजच्या तीन टोकांच्या ताऱ्याच्या जागी टाटांचे ‘टी’ अक्षर आले. आमच्या ट्रकावर अजून तो तारा आहे. त्याच काळात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो, मद्रासजवळच्या एन्नोरहून लेलँड कॉमेट आणि हिंदुस्थान मोटर्सकडून बेडफर्ड ट्रक येत होते, तर जबलपूरला लष्करासाठी जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान तयार होत होता. धरणांचे सिमेंट, साखर कारखान्यांचा ऊस, १९७३ मध्ये वाहतुकीला खुल्या झालेल्या वाशी खाडीपुलाचे साहित्य आणि मुंबईतून टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशीला हललेल्या घाऊक बाजारांचा माल, हा सगळा भार या मोजक्या जातींच्या ट्रकांनी वाहिला. ठाणे आणि नवी मुंबई या शहरांच्या घडणीत त्यांचा वाटा कोणत्याही आलिशान मोटारीपेक्षा मोठा आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात नाशिकजवळ जुन्या वाहनांच्या हौशी मालकांचा मेळावा भरला होता. कळव्याहून ते अंतर साधारण दीडशे किलोमीटरचे आहे. अनेक मालक आपल्या मोटारी ट्रेलरवर चढवून आणतात आणि त्यात काही गैर नाही, परंतु जे यंत्र रस्त्यावर चालण्यासाठी घडवले आहे ते चालवत नेले तरच त्याची प्रकृती कळते, या मताचा मी आहे. शिवाय ट्रक वाहून न्यायचा तर लो-बेड ट्रेलर लागतो आणि त्याचे भाडे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नसते. निघण्यापूर्वी ब्रेकचे लायनर बदलले, रेडिएटर धुऊन घेतला, कमानींच्या पिनांना ग्रीस भरले, डिझेल फिल्टर नवे बसवले आणि ९.००-२० मापाचे टायर ट्यूब-फ्लॅपसह काढून रिंगा तपासून घेतल्या. या मापाचे नायलॉन टायर अजून मिळतात, ही मोठी सोय आहे. शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळेतच प्रवेश असल्यामुळे उजाडण्याआधीच खारेगावहून महामार्गाला लागावे लागले. माणकोली, रांजणोली, पडघा असा जुना आग्रा रोडचा मार्ग धरून, ताशी चाळीसच्या आसपास वेग राखत आणि सदैव डावीकडची मार्गिका न सोडता, आम्ही शहापूर आणि आसनगाव मागे टाकले.

कसारा घाटाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण असा ट्रक म्हणजे काय हे घाटातच समजते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून हा डोंगर काही मिनिटांत ओलांडता येतो. नव्या ट्रकांसाठी ते उत्तमच आहे. आम्ही मुद्दाम जुन्या घाटाने गेलो. या ट्रकाच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश, म्हणजे दोन गिअरांचा वेग आपोआप जुळवून देणारी सोय, नाही, त्यामुळे खालचा गिअर टाकताना क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडून इंजिनाचे फेरे बेताने वाढवायचे आणि पुन्हा क्लच दाबून गिअर बसवायचा, असा ‘डबल क्लच’ करावा लागतो. चढावर ही क्रिया क्षणभर जरी लांबली तरी वेग मरतो आणि गिअर घासतात. पॉवर स्टेअरिंग नाही, म्हणून वळण येण्याआधीच चाक फिरवायला सुरुवात करावी लागते. केबिनमध्ये इंजिनाचा आवाज आणि उष्णता दोन्ही भरून राहतात, आणि तापमानाच्या काट्यावर सतत एक नजर ठेवावी लागते. परतीला उतारावर ब्रेकवर विसंबून चालत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक अक्षरशः पाळावा लागतो. वर पोहोचल्यावर घाटनदेवीपाशी इंजिन निववण्यासाठी थांबलो, तेव्हा नाशिककडे जाणारे काही ट्रकचालक आपली वाहने बाजूला घेऊन आवर्जून पाहायला आले. त्यांच्यातील तरुणांना डबल क्लच ठाऊक नव्हता आणि त्यांनी तो समजावून घेतला. हे ज्ञान छापील माहितीत मिळत नाही, चालत्या यंत्रावर हात ठेवूनच ते एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

मेळाव्यात मोटारींच्या लांब रांगा होत्या आणि ट्रक मोजकेच होते, तरी लोकांची गर्दी ट्रकांभोवतीच अधिक होती. त्याचे कारण उघड आहे. महागड्या परदेशी मोटारी फार थोड्या घरांत होत्या, पण ज्यांचे वडील, काका किंवा आजोबा ट्रकावर ड्रायव्हर, क्लीनर, हमाल किंवा मुकादम म्हणून राबले अशी घरे गावोगाव आहेत. एका वृद्ध फिटरने नुसता आवाज ऐकून एका सिलिंडरच्या टॅपेटचे, म्हणजे झडप उघडणाऱ्या भागाचे, अंतर वाढल्याचे सांगितले आणि फट मोजणारी पट्टी (फीलर गेज) लावल्यावर त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. कोणाला जुन्या डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन (इंधनाचे माप जुळवणे) करणारा कारागीर हवा होता, कोणी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने नोझल कुठे मिळते ते सांगत होते, तर कोणी लाकडी बॉडी बांधणारा शेवटचा सुतारही आता काम सोडून देत असल्याचे दुःखाने सांगत होते. पाठीमागच्या फाळक्यावर हाताने अक्षरे आणि चित्रे रंगवणारे पेंटरही असेच कमी होत चालले आहेत.

ट्रकमालकांची चर्चा मात्र लवकरच सुट्या भागांकडून कागदपत्रांकडे वळली, आणि या पत्राचा मुख्य विषय तोच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे मालट्रकासारखे परिवहन वाहन सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यास परवाना (परमिट) लागतो, मग प्रत्यक्षात त्यात माल असो वा नसो. वजनावर आधारलेली सवलत एकूण ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनांना आहे आणि जुना ट्रक रिकामा असला तरी त्याचे नोंदवलेले एकूण वजन याच्या कितीतरी पट असते. कलम ५६ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्र नसेल तर परिवहन वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. पंधरा वर्षांवरील अवजड वाहनांसाठी हे प्रमाणपत्र नव्याने घेण्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये १२,५०० रुपये करण्यात आले होते. त्यावर मालवाहू वाहनाचा कर आणि एकूण वजनावर ठरणारा तृतीय पक्ष विम्याचा हप्ता आहेच. वर्षभरात एक किलोही माल न वाहणाऱ्या आणि एक रुपयाही न मिळवणाऱ्या वाहनाने पोटापाण्यासाठी धावणाऱ्या ट्रकाएवढा भार उचलावा, अशी ही रचना आहे. मी हे सर्व शुल्क वेळच्या वेळी भरतो आणि कागदपत्रे पूर्ण ठेवतो. तरीही वाटेत एके ठिकाणी तपासणीसाठी थांबवले गेले, तेव्हा ट्रक रिकामा का, माल कोठे उतरवला आणि मेळाव्याला ट्रक कशासाठी, या प्रश्नांची उत्तरे देण्यात बराच वेळ गेला. तपासणाऱ्यांचे वर्तन सौजन्याचे होते. त्यांच्या हाती अशा वाहनासाठी कोणता रकानाच नव्हता, एवढीच अडचण होती.

याच कलम ६६ मध्ये दुरुस्तीसाठी रिकाम्या जाणाऱ्या परिवहन वाहनाला परवान्यातून सूट दिलेली आहे. म्हणजे ट्रक रिकामा गॅरेजपर्यंत नेता येतो, पण तसाच रिकामा प्रदर्शनापर्यंत नेण्यासाठी परवाना लागतो. त्याहून महत्त्वाचे कलम ५९ चे आहे. वाहनांचे कमाल वय ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला देणाऱ्या या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात प्रदर्शन, तांत्रिक संशोधन आणि विंटेज रॅलीसाठी असलेल्या वाहनांना सूट देण्याची सोय आहे, आणि तेथे मोटार आणि ट्रक असा भेद केलेला नाही. संसदेने जे दार सर्व वाहनांसाठी उघडे ठेवले, ते २०२१ च्या नियमांतील व्याख्येने दुचाकी आणि मोटारींपुरते अरुंद केले. प्रवासी बसचेही तेच झाले आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एसटीच्या पिढीतील एखादी बेडफर्ड बस कोणी उद्या चालू स्थितीत आणली, तर तीही या व्याख्येत बसणार नाही.

‘मूळ स्वरूप’ या अटीचा ट्रकांच्या बाबतीत वेगळा विचार करावा लागेल, हेही येथे नोंदवतो. कंपन्या त्या काळी बहुतेक ट्रक चासी (खालचा सांगाडा) आणि काउल (इंजिनावरचा पुढचा पत्रा) एवढ्याच स्वरूपात विकत. केबिन आणि हौदा मालक आपल्या गावच्या बॉडी बिल्डरकडून लाकूड-पत्र्यात बांधून घेत असत, आणि लाकूड कुजले की तो पुन्हा बांधला जात असे. इंजिनाचे लायनर-पिस्टन बदलणे, प्रसंगी त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवणे, ही ट्रकाच्या आयुष्यातील नेहमीची बाब होती. मोटारीसाठी लिहिलेली अट शब्दशः लावली तर एकही कष्टकरी ट्रक पात्र ठरणार नाही. म्हणून चासी क्रमांक मूळ असावा, इंजिन त्याच मेकचे आणि त्याच काळातील असावे आणि बॉडी त्या काळच्या पद्धतीने बांधलेली असावी, इतपत अट पुरेशी ठरेल. मालवाहू वाहनांच्या तपासणीत वेगनियंत्रकासारख्या नव्या जोडण्यांची अपेक्षा केली जाते. मूळपण जपण्याच्या अटीशी त्यांचा मेळ कसा घालायचा, हेही नियमातच स्पष्ट व्हायला हवे. रात्री दिसण्यासाठीच्या परावर्तक पट्ट्या आणि मागचे दिवे याबाबत मात्र मी कोणतीही सवलत मागणार नाही, कारण सावकाश चालणारे अवजड वाहन मागून येणाऱ्याला लांबूनच दिसले पाहिजे.

जुने ट्रक इतके कमी का उरले, याचे उत्तर त्यांच्या कामातच आहे. मोटारींना गॅरेज मिळाले, ट्रकांना मिळाले नाही. चालेल तोवर ते चालवले गेले, नंतर छोट्या मार्गांवर विटा-वाळू वाहू लागले आणि शेवटी लोखंडाच्या वजनाने विकून गॅस कटरने कापले गेले. प्रदूषण करणारी जुनी वाहने रस्त्यावरून हटवण्याचे धोरण योग्यच आहे आणि माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. परंतु त्या धोरणात जतनासाठी वेगळी वाट नसेल, तर पन्नास वर्षे तगून राहिलेले हे अखेरचे नमुनेही त्याच कटरखाली जातील. हरियाणात गुरुग्रामजवळ तावडू येथील वाहतूक संग्रहालयात काही जुने ट्रक आणि बस पाहायला मिळतात, पण संग्रहालयात उभा असलेला ट्रक घाट चढून दाखवत नाही.

इतर देशांनी हा प्रश्न आधीच सोडवला आहे. ब्रिटनमध्ये जुन्या व्यावसायिक वाहनांची लंडन ते ब्रायटन ही फेरी १९६२ पासून मे महिन्यात भरते आणि तीत वाफेच्या लॉऱ्यांपासून दुधाच्या गाड्यांपर्यंत सर्व प्रकारची वाहने स्वतःच्या चाकांवर धावतात. अमेरिकेत जुन्या ट्रकांच्या अभ्यासकांची आणि मालकांची संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली. तिचे वार्षिक संमेलन दरवर्षी वेगळ्या शहरात होते आणि शेकडो मैलांवरून मालक आपले ट्रक चालवत तेथे आणतात. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरील वाहनांना ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक क्रमांकपट्टी मिळते आणि तीत ट्रकही येतात. आमच्या ट्रकाचे जर्मन भाऊबंद त्या देशात ऐतिहासिक म्हणून सन्मानाने फिरतात, आणि जमशेदपूरला जन्मलेला हा मात्र कागदोपत्री निव्वळ वयोवृद्ध मालवाहू आहे.

सवलतीचा गैरवापर होईल, विंटेज पट्टी लावून कोणीतरी रेती वाहील, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नियमातच द्यावे लागेल. विंटेज नोंदणी झालेल्या ट्रकात कोणताही माल नेण्यास पूर्ण मनाई असावी आणि तसा माल सापडल्यास नोंदणी रद्द व्हावी. ब्रेक, स्टेअरिंग, टायर आणि दिव्यांची दरवर्षी तपासणी असावी. चालवणाऱ्याकडे अवजड वाहन चालवण्याचा परवाना (लायसन्स) असणे बंधनकारकच राहावे. प्रवासापूर्वी मार्ग आणि तारीख कळवण्याची अट घातली, तरी कोणाही प्रामाणिक मालकाची हरकत असणार नाही. मोटारींसाठी ठरलेले २०,००० रुपयांचे शुल्कही आम्ही आनंदाने भरू. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल माफ झाला आहे. तशी माफी आम्ही मागत नाही, कारण रस्त्यावर अवजड चाकांचा भार पडतो हे खरेच आहे.

नियमातील व्याख्या बदलणे केंद्राच्या हाती आहे, पण महाराष्ट्र शासनाने परिवहन आयुक्तांमार्फत तशी शिफारस करण्यास कोणताही अडथळा नाही. परवान्याच्या बाबतीत तर राज्याने केंद्राची वाट पाहण्याचेही कारण नाही, कारण सार्वजनिक हेतूसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांना परवान्यातून सूट देण्याचा मार्ग राज्यासाठी कलम ६६ मध्येच ठेवलेला आहे. ठाणे आणि नवी मुंबईच्या वाहतूक शाखांनी अशा ट्रकांना मेळाव्याच्या दिवसापुरते अवजड वाहनांच्या वेळेच्या बंधनातून मुक्त करणारे लेखी पत्र देण्याची पद्धत सुरू करावी. कळंबोली किंवा तुर्भे परिसरात, जेथे ट्रक ही रोजच्या जीवनाची बाब आहे, वर्षातून एक दिवस जुन्या ट्रकांना उभे राहण्यासाठी मोकळी जागा उपलब्ध झाली तर प्रदर्शनासाठी नाशिक-पुण्याला जाण्याचीही गरज उरणार नाही, आणि ज्या हमालांनी आणि चालकांनी हे ट्रक भरले-चालवले त्यांच्या नातवंडांना ते घराजवळ पाहता येतील.

एक तातडीचे काम मात्र नियम बदलण्याची वाट न पाहता करता येईल आणि ते परिवहन कार्यालयांनी करावे. १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी क्रमांकांच्या अनेक ट्रकांच्या नोंदी अजून हस्तलिखित नोंदवह्यांतच असून ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीवर चढलेल्या नाहीत. त्या वह्या जीर्ण होत आहेत. पन्नास वर्षांचे वय सिद्ध करायचे तर पहिल्या नोंदणीची तारीख लागणार, आणि ती याच पानांवर आहे. ज्या मालकांकडे जुने आरसी बुक, कर भरल्याच्या पावत्या किंवा चासी क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला छाप असेल, त्यांनी तो जपून ठेवावा आणि या नोंदी प्रणालीवर घेण्यासाठी आताच अर्ज करावा. कार्यालयांनीही असे अर्ज ‘वाहन फार जुने आहे’ एवढ्याच कारणावरून परत करू नयेत.

आपला विश्वासू,
एक वाचक,
कळवा, जि. ठाणे